विद्यार्थ्यांच्या हाती किल्ल्या : येलच्या लिनोनिया आणि ब्रदर्स ग्रंथालयांचा इतिहास

ग्रंथालयाचा इतिहास लिहायला घेतला की देणगीदार, कोनशिला, ग्रंथपालांची परंपरा आणि ग्रंथसंख्या या चार गोष्टी हमखास येतात. ज्याच्यासाठी हे सारे उभे राहिले त्या वाचकाचा उल्लेख एखाद्या वाक्यात आटोपतो. अमेरिकेतील न्यू हेवन शहरात, येल विद्यापीठाच्या आवारात वाढलेल्या एका ग्रंथसंग्रहाची हकिगत याला अपवाद आहे. हा संग्रह विद्यार्थ्यांनी सुरू केला, आपल्या वर्गणीतून वाढवला, त्याची सूची छापली आणि शंभराहून अधिक वर्षे तो स्वतः चालवला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात कोणती पुस्तके असावीत आणि वाचकाला कोणती सेवा मिळावी हे ठरवताना विद्यार्थ्याचा वाटा किती असावा, हा प्रश्न आजही प्रत्येक ग्रंथालय समितीपुढे असतो. म्हणून ही वाटचाल सविस्तर नोंदवण्याजोगी वाटते.

कॉलेजचे ग्रंथालय

येलची स्थापना १७०१ सालची. काही धर्मोपदेशक एकत्र जमले आणि प्रत्येकाने आपल्याजवळची पुस्तके देऊन कॉलेजचा पाया घातला, अशी तिथली परंपरेने चालत आलेली कथा आहे. पुढे इंग्लंडमधील जेरेमाया डमर यांनी खटपट करून १७१४ च्या सुमारास आठशेहून अधिक ग्रंथ मिळवून पाठवले. १७१८ मध्ये एलिहू येल यांनी विकण्यासाठी मालाचे गठ्ठे आणि ४१७ पुस्तके पाठवली. कॉलेजला त्यांचे नाव मिळाले ते या देणगीमुळे. हे येल पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते आणि त्यांची संपत्ती हिंदुस्थानातल्या व्यापारातून आलेली होती.

कॉलेज सेब्रुक गावातून न्यू हेवनला हलवायचे १७१६ मध्येच ठरले होते; पुस्तके हलवायची वेळ १७१८ मध्ये आली. सेब्रुकच्या लोकांना ते मान्य नव्हते. पुस्तके न्यायला आलेल्या गाड्या त्यांनी मोडल्या, वाटेतले पूल पाडले आणि या झटापटीत अडीचशेच्या आसपास पुस्तके कायमची हरवली. आपल्या गावची पुस्तके जाऊ नयेत म्हणून माणसे रस्त्यावर उतरली, अशा घटनेने या ग्रंथालयाची सुरुवात झाली.

१७४३ मध्ये कॉलेजप्रमुख टॉमस क्लॅप यांनी ग्रंथालयाची विषयवार सूची छापून घेतली. कोणत्या वर्षी कोणत्या विषयाचे वाचन करावे याचे मार्गदर्शन विद्यार्थ्यांना मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. क्लॅप यांचे हे काम मोलाचे आहे. तरीही संग्रह मुख्यतः देणगीतून आलेला होता. धर्मशास्त्र, लॅटिन आणि ग्रीक यांचा त्यात भरणा होता. पुस्तके घरी नेण्याचा हक्क बराच काळ वरच्या वर्गांपुरता मर्यादित होता आणि त्यासाठी पैसेही मोजावे लागत. शिक्षणाची पद्धत पाठांतराची. नेमलेले पुस्तक पाठ करून वर्गात म्हणून दाखवले की विद्यार्थ्याचे काम भागे. अशा शिक्षणाला ग्रंथालयाची फारशी गरज नव्हती. विद्यार्थ्यांना मात्र ती भासत होती, आणि त्यांनी ती आपल्या परीने भागवली.

दोन मंडळांची स्थापना

१७५३ मध्ये येलच्या विद्यार्थ्यांनी ‘लिनोनिया’ हे वाङ्मय मंडळ स्थापन केले. निबंधवाचन, भाषणे आणि वादविवाद हे त्याचे कार्य. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथे प्रवेश नव्हता. या भेदामुळेच १७६८ मध्ये ‘ब्रदर्स इन युनिटी’ हे दुसरे मंडळ निघाले. डेव्हिड हम्फ्रीज हा त्यातला पुढाकार घेणारा विद्यार्थी. नव्या मंडळाने नवागतांनाही दार उघडले आणि मग लिनोनियालाही आपले नियम सैल करावे लागले.

लिनोनियाने आपला ग्रंथसंग्रह १७६९ च्या सुमारास सुरू केला. त्याच्या पायाभरणीशी टिमथी ड्वाइट, जेम्स हिलहाऊस आणि नेथन हेल ही नावे जोडली जातात. ड्वाइट पुढे येलचे अध्यक्ष झाले. हेल १७७३ मध्ये पदवी घेऊन शाळामास्तर झाला, स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्यात दाखल झाला आणि हेरगिरी करताना पकडला गेल्यामुळे इंग्रजांनी २२ सप्टेंबर १७७६ रोजी त्याला फाशी दिले. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. अमेरिकेत त्याचे नाव हुतात्मा म्हणून घेतले जाते. त्याच्या लहानशा आयुष्यात मित्रांसाठी पुस्तके जमवण्याचे कामही बसले होते, ही नोंद ग्रंथालयाच्या इतिहासात राहायला हवी.

ब्रदर्सनेही आपले कपाट भरायला घेतले आणि दोन्ही मंडळांत चढाओढ लागली. शब्दकोशकार नोआ वेबस्टर हा ब्रदर्सच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. १८१९ मध्ये प्रामुख्याने दक्षिणेकडून आलेल्या विद्यार्थ्यांनी ‘कॅलिओपियन’ हे तिसरे मंडळ काढले. ते १८५३ पर्यंत चालले. दरवर्षी नवे विद्यार्थी आले की लिनोनिया आणि ब्रदर्स यांचे वक्ते त्यांच्यासमोर उभे राहून आपापल्या मंडळाची थोरवी सांगत. आमच्यातून कोण कोण मोठे झाले आणि आमच्या ग्रंथालयात किती व कोणती पुस्तके आहेत, हे या भाषणांचे मुख्य मुद्दे असत. विद्यार्थ्यांना आपल्याकडे ओढण्यासाठी ग्रंथसंग्रहाचा दाखला द्यावा, ही त्या काळातली प्रतिष्ठेची कल्पना होती.

कारभार

मंडळाचे सभासद वर्गणी भरत. दंडाची रक्कम, देणग्या आणि पदवी घेऊन जाणाऱ्या वर्गाने दिलेली भेट यांतून पुस्तके येत. ग्रंथपाल विद्यार्थ्यांतूनच निवडला जाई. कोणती पुस्तके घ्यायची हे मंडळच ठरवी. देवघेवीची वही, हरवलेल्या पुस्तकाची वसुली, बांधणीला द्यायच्या प्रती, सूचीची छपाई ही सर्व कामे विद्यार्थ्यांच्याच अंगावर होती. दोन्ही मंडळांनी वेळोवेळी आपल्या ग्रंथालयांच्या सूची छापल्या. खरेदीसाठी लागणारा विचार, हिशेबाची शिस्त आणि वाचकाशी वागण्याची रीत हे सारे विशीतली मुले कामातून शिकत होती.

निवडीतला फरक लगेच दिसून येई. कॉलेजच्या कपाटात नसलेल्या इंग्रजी कादंबऱ्या, प्रवासवर्णने, चरित्रे, अर्वाचीन इतिहास आणि चालू राजकारणावरची पुस्तके मंडळांच्या कपाटात होती. ब्रिटन आणि अमेरिकेतली मोठी त्रैमासिके व मासिके तिथे येत. वादविवादाला विषय असे तो त्या दिवसाचा. गुलामगिरी, संघराज्याचे अधिकार, जकात, युद्ध, स्त्रियांचे शिक्षण अशा प्रश्नांवर उभे राहून बोलायचे तर चालू काळाचे वाचन हवे. वर्गातल्या पाठाला जे ग्रंथालय लागत नव्हते ते वादविवादाला लागले. संग्रह कशामुळे वाढतो याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडते. विद्यार्थ्याला स्वतःचे मत मांडायचे असले की त्याला पुस्तक लागते, आणि ते पुस्तक निवडण्याचा हक्क असला की संग्रह जिवंत राहतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन्ही मंडळांच्या ग्रंथालयांत प्रत्येकी दहा हजारांच्या आसपास ग्रंथ जमले होते. १८४२ ते १८४६ या काळात हेन्री ऑस्टिन या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार येलने ग्रंथालयासाठी स्वतंत्र दगडी इमारत बांधली. मधल्या मोठ्या दालनात कॉलेजचा संग्रह आणि बाजूच्या भागांत मंडळांची ग्रंथालये, अशी तिची रचना होती. एकाच छपराखाली कॉलेज आणि विद्यार्थी शेजारी म्हणून नांदले. ती इमारत आजही ड्वाइट हॉल या नावाने उभी आहे.

पूल यांची लेखसूची

या इतिहासातले सर्वांत मोठे काम एका गरीब विद्यार्थ्याच्या हातून झाले. विल्यम फ्रेडरिक पूल यांचा जन्म १८२१ चा, मॅसॅच्युसेट्समधील सेलमचा. १८४२ मध्ये ते येलला आले, पण पैशांअभावी वर्षभरात शिक्षण सोडून त्यांना कमाई करावी लागली. तीन वर्षांनी ते परतले. ब्रदर्स इन युनिटीच्या ग्रंथालयात त्यांना मदतनीसाचे काम मिळाले. तेव्हा तिथे जॉन एडमंड्स हा विद्यार्थी ग्रंथपाल होता.

वादविवादाचा विषय जाहीर झाला की मुले ग्रंथालयात येऊन विचारत, यावर काय वाचू? एडमंड्स यांनी १८४७ मध्ये यावर एक उपाय काढला. वादविवादाचे विषय आणि त्या प्रत्येकाखाली वाचण्याजोगे संदर्भ अशी आठ पानांची पुस्तिका त्यांनी छापली. पूल यांना याच गरजेतली पुढची अडचण दिसत होती. ग्रंथालयात नियतकालिकांचे बांधीव खंड ओळीने लावलेले होते. त्यांत हव्या त्या विषयांवर उत्तमोत्तम लेख होते. पण कोणत्या खंडात कोणता लेख आहे हे सांगायला काहीच साधन नव्हते, म्हणून ते खंड हात न लागता पडून राहत.

पूल यांनी एकेक खंड काढला, लेख पाहिले, विषय ठरवला आणि विषयांच्या अकारविल्हे क्रमाने नोंदी केल्या. पहिली प्रत हस्तलिखित होती. ती मुलांनी इतकी वापरली की तिची अवस्था वाईट झाली, आणि सूची छापायचे ठरले. १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या पुटनम प्रकाशनाने १५४ पानांचे ते पुस्तक प्रसिद्ध केले. ब्रदर्स इन युनिटीच्या ग्रंथालयासाठी तयार केलेली सूची, असा उल्लेख त्याच्या मुखपृष्ठावर होता. तेव्हा पूल यांना पदवीही मिळालेली नव्हती. ती त्यांना १८४९ मध्ये मिळाली. एका कॉलेजच्या वादविवाद मंडळासाठी केलेल्या या पुस्तकाला परदेशातून मागणी आली आणि प्रती पाहता पाहता संपल्या.

१८५३ मध्ये ५२१ पानांची दुसरी आवृत्ती निघाली. नियतकालिकांची संख्या मात्र झपाट्याने वाढत होती आणि पुढचे काम एकट्याच्या आवाक्यातले राहिले नव्हते. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला ग्रंथपालांची परिषद भरली आणि अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची स्थापना झाली. तिथे या सूचीचे काम वाटून घेण्याची योजना पुढे आली. अनेक ग्रंथालयांनी आपापल्या वाट्याची नियतकालिके घेतली आणि ठरलेल्या नियमांनी नोंदी करून पाठवल्या. विल्यम फ्लेचर यांच्या साहाय्याने पूल यांनी ते सर्व एकत्र केले. १८८२ मध्ये चौदाशेहून अधिक पानांचा तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथालयांनी मिळून केलेल्या मोठ्या कामांपैकी हे अगदी आरंभीचे. पुढच्या काळातल्या नियतकालिक-निर्देश सूची आणि आज संगणकावर विषय टाकताच लेखांची यादी देणारी साधने याच परंपरेत येतात.

पूल यांनी पुढे बोस्टन अथेनियम, सिनसिनाटी आणि शिकागो येथील सार्वजनिक ग्रंथालये आणि शेवटी शिकागोचे न्यूबेरी ग्रंथालय अशी मोठमोठी ग्रंथालये सांभाळली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. एडमंड्स फिलाडेल्फियाच्या मर्कंटाइल ग्रंथालयाचे ग्रंथपाल झाले. विद्यार्थ्यांच्या ग्रंथालयाने आपल्या व्यवसायाला दोन नामांकित ग्रंथपाल दिले आणि एक असे साधन दिले, ज्यावाचून संशोधनाचे पान हलत नाही. वाचकाची अडचण वाचकाच्याच शेजारी बसणाऱ्याला पहिल्यांदा कळली आणि ती सोडवण्याची मोकळीक त्याला होती, म्हणून हे घडले.

कुऱ्हाडीने फोडलेले दार

येल एकटे नव्हते. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डायलेक्टिक आणि फिलान्थ्रॉपिक ही मंडळे १७९५ पासून होती. त्यांचे संग्रह १८८६ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयात सामील झाले. डार्टमथ कॉलेजात सोशल फ्रेंड्स आणि युनायटेड फ्रॅटर्निटी या मंडळांची ग्रंथालये होती.

डार्टमथची एक घटना इथे सांगायलाच हवी. १८१६ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याने कायदा करून कॉलेजचे रूपांतर राज्याच्या विद्यापीठात केले. जुन्या विश्वस्तांनी ते मानले नाही. एका छोट्या गावात कॉलेज आणि विद्यापीठ अशा दोन संस्था समोरासमोर उभ्या राहिल्या. इमारतींचा ताबा विद्यापीठाकडे, बहुतेक विद्यार्थी मात्र कॉलेजच्या बाजूने. मंडळांची ग्रंथालये कोणाची, असा प्रश्न निर्माण झाला. आपली पुस्तके हातची जातील या भीतीने विद्यार्थ्यांनी ती हलवायला सुरुवात केली. १८१७ च्या नोव्हेंबरात विद्यापीठाच्या बाजूचे प्राध्यापक गावातली काही माणसे घेऊन रात्री आले आणि सोशल फ्रेंड्सच्या ग्रंथालयाचे दार त्यांनी कुऱ्हाडीने फोडले. बातमी पसरताच विद्यार्थी धावत आले आणि त्यांनी आत शिरलेल्यांना कोंडीत पकडले. माघार घेण्याचे कबूल झाल्यावरच त्यांना बाहेर जाऊ दिले. या मंडळाच्या ग्रंथपालाचे काम केलेला रूफस चोएट पुढे अमेरिकेतला नामवंत वकील झाला. कॉलेजचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, माजी विद्यार्थी डॅनियल वेबस्टर यांनी तो लढवला आणि १८१९ मध्ये निकाल कॉलेजच्या बाजूने लागला.

आपल्या वर्गणीतून घेतलेली, आपण निवडलेली पुस्तके ती मुले जिवापाड जपत होती. फलक लावून किंवा परिपत्रक काढून ही आपुलकी निर्माण होत नाही. ती कारभार हाती दिल्याने येते.

विलीनीकरण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंडळांना उतरती कळा लागली. विद्यार्थ्यांचे छोटे, निवडक सभासदांचे संघ वाढले आणि सर्वांना सामावून घेणाऱ्या मोठ्या मंडळांच्या सभा ओस पडू लागल्या. कॉलेजचा संग्रहही वाढत होता. १८७२ मध्ये लिनोनिया आणि ब्रदर्स यांची ग्रंथालये येलच्या ग्रंथालयात विलीन झाली.

विलीनीकरणाने पुस्तके सुरक्षित राहिली. प्रशिक्षित ग्रंथपाल आणि नियमित अनुदान मिळाले. मोठ्या संग्रहाला कायमची व्यवस्था लागते आणि दरवर्षी बदलणाऱ्या विद्यार्थ्यांना ती एकट्याने पेलणारी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पण निवडीचा हक्क आणि ग्रंथपालाचे पद विद्यार्थ्यांकडून गेले. येलने एक गोष्ट मात्र आवर्जून जपली. सर्वसाधारण वाचनाचा, सहज हाती येणाऱ्या पुस्तकांचा ‘लिनोनिया अँड ब्रदर्स’ संग्रह वेगळा ठेवला. जेम्स गॅम्बल रॉजर्स यांच्या आराखड्यानुसार बांधलेले स्टर्लिंग ग्रंथालय १९३१ मध्ये खुले झाले तेव्हा त्यात या संग्रहासाठी खास दालन बांधले गेले. हिरव्या चामड्याच्या ऐसपैस खुर्च्या आणि भोवती उघडी कपाटे असलेले ते दालन आजही विद्यार्थ्यांच्या आवडीचे आहे.

न्यू हेवन ते बडोदे

न्यू हेवन शहराचा आणि मराठी माणसाचा एक धागा इथे नोंदवायला हवा. येलच्या आवारापासून जवळच यंग मेन्स इन्स्टिट्यूट नावाचे ग्रंथालय आहे. १८२६ मध्ये काम शिकणाऱ्या उमेदवार कारागीर तरुणांनी ते स्थापन केले. कॉलेजची पायरी चढण्याची ऐपत नसलेल्या या मुलांनीही आपली पुस्तके एकत्र करून, वर्गणी काढूनच सुरुवात केली होती. विल्यम बॉर्डन हे या ग्रंथालयाचे ग्रंथपाल. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० मध्ये त्यांना बडोद्यास बोलावले आणि संस्थानातील ग्रंथालयांची उभारणी त्यांच्याकडे सोपवली.

बॉर्डन यांनी ग्रंथालय खाते संघटित केले आणि ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग चालवले. ते १९१३ मध्ये मायदेशी परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी कारभार सांभाळला. बडोदे संस्थानात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत आणि गावकऱ्यांनी वर्गणी जमवली की संस्थानचे अनुदान मिळे. वाचणाऱ्यांनी आधी आपला वाटा उचलायचा आणि मग सरकारने हात द्यायचा, ही ती योजना. न्यू हेवनच्या तरुणांनी स्वतःच्या वर्गणीतून उभारलेल्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल बडोद्यात यावा आणि इथल्या योजनेतही वर्गणीला पहिले स्थान असावे, हा योग मोठा आहे.

पुन्हा विद्यार्थ्यांना विचारताना

विसाव्या शतकात विद्यापीठीय ग्रंथालये अफाट वाढली. निवड तज्ज्ञांकडे गेली, नियम पक्के झाले. विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकण्याचे मार्ग कमी होत गेले तसे ते निषेधाच्या रूपाने कानी पडू लागले. येलने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी जमिनीखाली ग्रंथालय बांधायचे ठरवले तेव्हा वरच्या हिरवळीत प्रकाशासाठी झरोके काढायची योजना होती. १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी तिला जोरदार विरोध केला. हिरवळ वाचली, आराखडा बदलला आणि १९७१ मध्ये ते ग्रंथालय उभे राहिले. २००७ मध्ये नूतनीकरणानंतर त्याला बास ग्रंथालय हे नाव मिळाले.

त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात एक वेगळा प्रयोग झाला. तिथल्या ग्रंथालयाने नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना कामावर घेतले आणि आपल्याच विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. विद्यार्थ्यांना कॅमेरे दिले आणि तुम्ही जिथे अभ्यास करता त्या जागेचे, जवळ बाळगता त्या वस्तूंचे फोटो काढा असे सांगितले. दिवसभरात कुठे कुठे गेलात याचे नकाशे काढायला लावले. कोरा कागद आणि रंगीत पेन देऊन, तुम्हाला हवे तसे ग्रंथालय काढा असेही सांगितले. त्यातून ग्रंथपालांना पुष्कळ नवे कळले. मुले लेखनाला बसतात ती ग्रंथपाल घरी गेल्यावर, रात्री उशिरा. निबंध अडला की कित्येक जण आई-वडिलांना फोन करतात. मग रात्री थांबणाऱ्या ग्रंथपालांचा प्रयोग झाला आणि नव्या अभ्यासदालनाच्या रचनेत मुलांच्या रेखाटनांचा उपयोग केला गेला. हा अभ्यास २००७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. फॉस्टर यांच्याबरोबर त्याचे संपादन करणाऱ्या सुझन गिबन्स २०११ मध्ये येलच्या प्रमुख ग्रंथपाल झाल्या.

खरेदीतही वाट मोकळी होत होती. पर्ड्यू विद्यापीठाने २००० मध्ये एक साधी गोष्ट सुरू केली. वाचकाने दुसऱ्या ग्रंथालयातून मागवलेले पुस्तक ठराविक अटींत बसत असेल तर ते उसने आणण्याऐवजी विकतच घ्यायचे आणि त्याचे वाचून झाले की कपाटात लावायचे. वाचकाची मागणी हीच शिफारस मानायची, हे त्यामागचे सूत्र. पुढे अनेक विद्यापीठांनी ते निरनिराळ्या प्रकारे स्वीकारले.

२०१९ मध्ये येलमध्ये पुन्हा एक प्रसंग आला. बास ग्रंथालयातून पदवीच्या विद्यार्थ्यांनी नेलेल्या पुस्तकांची संख्या दहा वर्षांत ६४ टक्क्यांनी घटली होती आणि बसायला जागा अपुरी पडत होती. म्हणून तिथली सुमारे दीड लाख पुस्तके कमी करून चाळीस हजारांवर आणण्याची आणि मोकळ्या जागेत बैठक वाढवण्याची योजना निघाली. उरलेली पुस्तके विद्यापीठातच अन्यत्र राहणार होती. तरी विद्यार्थी अस्वस्थ झाले. कपाटांसमोर जमून त्यांनी पुस्तके चाळण्याचा आणि घरी नेण्याचा सामूहिक कार्यक्रम केला आणि विद्यार्थी दैनिकात लेख लिहिले. ग्रंथालयाने ऐकून घेतले. ठेवायच्या पुस्तकांची संख्या वाढवली आणि नव्या बैठकीत तेवढी काटछाट केली.

दोन्ही बाजूंकडे सत्याचा अंश होता. देवघेव घटली हे आकडे खरे होते. ग्रंथांच्या सहवासात बसून अभ्यास करावासा वाटतो, हे मुलांचे म्हणणेही खरे होते. आकडेवारी काय नेले ते सांगते. काय पाहिले, काय चाळले, कोणत्या पुस्तकाच्या शेजारी कोणते सापडले, हे वाचकच सांगू शकतो. म्हणून त्याचे म्हणणे योजना जाहीर झाल्यावर ऐकण्यापेक्षा ती आखतानाच ऐकावे लागते.

या इतिहासातून घ्यायचे ते

आपल्याकडे अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालय समितीत विद्यार्थी प्रतिनिधी असतो, काउंटरवर शिफारसीची वही असते, ‘कमवा आणि शिका’ योजनेत मुले देवघेवीला आणि पुस्तके लावायला मदत करतात. ही साधने चांगली आहेत. लिनोनिया आणि ब्रदर्स यांच्या अनुभवाच्या प्रकाशात त्यांना पुढे नेता येईल.

शिफारसीच्या वहीतली प्रत्येक नोंद वाचली जावी आणि पुस्तक घेतले किंवा न घेतल्यास का, हे विद्यार्थ्याला कळावे. उत्तर न मिळणारी वही दोन सत्रांत बंद पडते. वार्षिक तरतुदीतला एक ठरलेला हिस्सा विद्यार्थ्यांच्या निवडीसाठी राखून ठेवावा, मग तो लहान का असेना. निवड त्यांनी करावी, हिशेब त्यांनी मांडावा आणि ग्रंथपालांनी मार्गदर्शकाच्या जागी उभे राहावे. त्या रकमेतून एखादे पुस्तक न चालणारे निघाले तर तोही शिक्षणाचा भाग समजावा. समितीतल्या प्रतिनिधीला बैठकीची विषयपत्रिका आधी मिळावी, म्हणजे तो वर्गमित्रांशी बोलून येऊ शकेल. ‘कमवा आणि शिका’मध्ये काम करणाऱ्या मुलांना फक्त कपाटे लावायला न बसवता त्यांना दिसलेल्या अडचणी लिहून द्यायला सांगावे. कोणते पुस्तक रोज मागितले जाते आणि मिळत नाही, कोणत्या तासाला अभ्यासिका भरून जाते, परगावच्या मुलांना शेवटच्या एसटीमुळे ग्रंथालय कधी सोडावे लागते, मराठी माध्यमातून आलेल्यांना कोणत्या विषयात सोपे पुस्तक हवे आहे, हे त्यांना सर्वांच्या आधी माहीत असते.

येलच्या मंडळांनी शंभर वर्षांत जे कमावले त्यामागे फार मोठे धन नव्हते. विद्यार्थ्यांवर विश्वास टाकला गेला होता आणि त्यांनी जबाबदारी पेलली होती. पूल आणि एडमंड्स यांना कोणी प्रकल्प नेमून दिला नव्हता. सोबती काय मागतात हे ते रोज ऐकत होते, पुस्तकांपर्यंत त्यांचा हात पोहोचत होता आणि काही करून पाहायला कोणाची आडकाठी नव्हती. आपल्या ग्रंथालयांतही असे विद्यार्थी प्रत्येक वर्षी येतात आणि तीन वर्षांनी निघून जातात. त्या तीन वर्षांत त्यांच्या हाती काही कारभार सोपवणे, हे ग्रंथालयाच्या रोजच्या कामातले एक काम मानले गेले पाहिजे.